मुलाने अंग धरले, पण यकृताचे काय?

फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात चरबी साठणे, हा दारू पिणाऱ्यांचा, नाहीतर मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांचा आजार आहे, अशी समजूत आमच्या सिंधुदुर्गात अजूनही पक्की आहे. मी किनाऱ्यावरच्या एका गावातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि आरोग्य तपासणीच्या वेळी मुलांची उंची-वजने नोंदवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते. पूर्वी या नोंदी पाहताना काळजी वाटायची ती वजन कमी असलेल्या मुलांची आणि रक्त कमी असलेल्या मुलींची. ती काळजी आजही संपलेली नाही. पण त्याच वहीत आता वयाच्या आणि उंचीच्या मानाने वजन बरेच पुढे गेलेली मुलेही दिसू लागली आहेत, आणि पोटदुखीसाठी किंवा अपेंडिक्सच्या शंकेने केलेल्या सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असा शेरा आलेले रिपोर्ट पालक शाळेत घेऊन येतात. ‘डॉक्टर म्हणाले, विशेष काही नाही’ असेही ते बहुधा सांगतात. या ‘विशेष काही नाही’बद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो शेरा विशेषच आहे, आणि तो वेळीच मनावर घेतला तर बहुतेकदा औषधाशिवाय पुसता येण्याजोगाही आहे.

या आजाराचा पसारा किती वाढला आहे हे आधी पाहू. जगभरातील संशोधकांच्या एका मोठ्या गटाने 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यानुसार 5 ते 19 वयोगटातील लठ्ठ मुलामुलींची भारतातील संख्या 1990 मध्ये सुमारे 4 लाख होती, ती 2022 मध्ये सुमारे सव्वा कोटी झाली. एका पिढीत झालेला हा बदल आहे. लठ्ठ मुलांमध्ये यकृतात चरबी सापडण्याचे प्रमाण किती असते, याविषयी भारतातील निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ते 60 टक्क्यांच्या वर आढळले, तर लठ्ठ नसलेल्या मुलांमध्येही ते सुमारे 12 टक्के होते. यातला दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. मुलगा लठ्ठ दिसत नाही म्हणून त्याच्या यकृताबद्दल निश्चिंत राहता येत नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

असे का होते, याचे उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. तिथल्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. त्या बाळांचे जन्मवजन सरासरी 2.7 किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक कमी होते. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयवही लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारे पण स्नायूंपेक्षा चरबीकडे झुकलेले शरीर आपल्याकडे गर्भातच घडू लागते. 2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी होती आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली वाढीचे जे तक्ते तयार केले, त्यात जास्त वजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा मोठ्या माणसांच्या 25 आणि 30 ऐवजी 23 आणि 27 या बीएमआयला धरून आखलेल्या आहेत. परदेशी तक्त्यात ‘ठीक’ ठरणारे आपले मूल आपल्या तक्त्यात रेषेच्या वर असू शकते.

केंद्र सरकारच्या 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातही हेच दिसते. 10 ते 19 वयोगटातील सुमारे 5 टक्के मुलांचे वजन जास्त आढळले, पण रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) वाढलेली मुले 16 टक्के निघाली आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली 10 टक्के. वजनकाट्यावर जेवढी मुले सापडतात, त्याहून कितीतरी अधिक मुलांच्या रक्तात बिघाड सुरू झालेला असतो.

यकृतात हे घडते कसे, ते मी वर्गात सांगते तसेच इथे सांगते. यकृताच्या पेशींपैकी 5 टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ही चरबी ताटातल्या तुपातेलातून थेट जाऊन बसते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा तो वाटा लहान असतो. मोठा वाटा असतो तो पोटावरच्या आणि शरीरातल्या इतर चरबीतून सुटून रक्तावाटे यकृताकडे येणाऱ्या स्निग्धाम्लांचा. इन्सुलिनचा परिणाम मंदावला की ही गळती वाढते. त्यानंतरचा वाटा यकृताने स्वतःच साखरेपासून बनवलेल्या चरबीचा असतो, आणि त्यात फ्रुक्टोज ही साखर विशेष त्रासदायक आहे. ग्लुकोज स्नायूंना, मेंदूला, साऱ्या शरीरालाच वापरता येते. फ्रुक्टोजचा बहुतेक भार मात्र यकृतावर पडतो आणि त्याचे चरबीत रूपांतर होताना वाटेत फारशी अडवणूक होत नाही. आपण जी साखर खातो तिचा निम्मा भाग फ्रुक्टोजच असतो. पातळ पेयातून ती घशाखाली गेली की पोटही भरत नाही आणि यकृताकडे मात्र एकदम मोठा लोंढा येतो. चरबी साठून राहिली की काही मुलांच्या यकृताला सूज येते, सुजेतून व्रणासारखे तंतू तयार होतात आणि पुढे काहींच्या बाबतीत ते सिरोसिसपर्यंत, म्हणजे यकृत कायमचे कडक होऊन निकामी होण्यापर्यंत, जाते. सगळ्यांचे तसे होत नाही, हे नीट लक्षात ठेवावे. पण बाराव्या वर्षी सुरुवात झाली तर पुढे जाण्यासाठी आजाराला आयुष्य पडलेले असते, आणि मधुमेह व हृदयविकार यांचा धोका तर यकृत टिकले तरी वाढतोच.

आता आपल्याकडे काय बदलले ते पाहू. आमच्या भागात सकाळी उकड्या तांदळाची पेज, सोबत एखादी भाजी किंवा खारातली कैरी आणि दुपारी कुळथाची पिठी, भात, बांगडा-तारल्यासारखे मासे, पावसात टाकळा-भारंगीची भाजी, असे जेवण होते. हे सगळे फार आदर्श होते असे मी म्हणणार नाही, कारण त्यात भाताचा वाटा जास्त आणि भाजी-डाळीचा कमी असायचा, आणि अनेक घरांत पेज होती ती दुसरे काही परवडत नव्हते म्हणून. पण त्या भातामागे शाळेपर्यंतची सडा (जांभ्या दगडाचा माळ) ओलांडून जाणारी पायवाट होती, विहिरीचे पाणी होते, बागेतले काम होते. आता पेजेच्या जागी चहा आणि खारी किंवा बिस्किटांचा पुडा आला, शाळेत जायला रिक्षा किंवा मॅजिक आली, संध्याकाळी क्लास आला आणि रात्री मोबाइल. ताटातला भात मात्र तेवढाच राहिला. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, त्या काळात तर खेळणे आणि झोप या दोन्हींची घडी विस्कटली, आणि कित्येक घरांत ती नंतर बसलीच नाही.

या बदलाला आमच्याकडे प्रेमाचीही जोड आहे. गणपतीला आणि शिमग्याला येणारे चाकरमानी भाचरांसाठी वेफर्सच्या आणि चॉकलेटांच्या पिशव्या भरून आणतात, आणि ज्या घरात आजी-आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन दिवस काढले, त्या घरात नातवाचे गाल वर आले की ‘आता खंय झील जरा अंग धरूक लागलो हा’ म्हणून त्यांना खरोखर समाधान वाटते. या समाधानाची मी कधीही थट्टा करणार नाही. ज्यांनी भूक पाहिली आहे, त्यांना भरलेले अंग हे सुखाचेच लक्षण वाटणार. म्हणून या घरांतून बोलताना मुलाच्या जाडीवर बोट ठेवू नये, त्याच्या यकृताबद्दल बोलावे, असे मी ठरवून घेतले आहे.

एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगते. आठवीतल्या एका मुलाच्या आईने मला पालकसभेनंतर बाजूला घेऊन विचारले होते, ‘बाईनू, ह्येच्या मानेचो मळ किती घासलंय तरी जाणा नाय, काय करू?’ मुलाच्या मानेच्या मागच्या बाजूला कॉलरच्या रेषेत काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता, आणि डाळीचे पीठ, लिंबू, नारळाची किशी असे सगळे लावून घासल्यामुळे त्याच्या कडेची कातडी सोलवटून लाल झाली होती. काखेतही तसेच होते. तो मळ नव्हता. रक्तात इन्सुलिन सतत वाढलेले राहिले की त्वचा अशी जाड आणि काळी पडते. डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. तो पट्टा साबणाने जात नाही. वजन आणि इन्सुलिन खाली आले की हळूहळू फिका होतो. त्या मुलाला ‘नीट आंघोळ करत नाहीस’ म्हणून घरात बोलणी बसत होती आणि वर्गात चिडवले जात होते, तेव्हा आईला आधी हे समजावून सांगितले की त्यात त्याचा काही दोष नाही, आणि मग बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितले. ज्या पालकांच्या मुलांच्या मानेवर असा पट्टा आहे, त्यांनी घासणे आजच थांबवावे आणि रक्तातील साखर व यकृत यांची तपासणी करून घ्यावी.

दुसरे मोजमाप घरच्या घरी होण्यासारखे आहे. मुलाच्या टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी धरावी, ती बरोबर मधोमध दुमडावी आणि तिची निम्मी लांबी पोटाभोवती, बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, न आवळता गुंडाळून पाहावी. टोके जुळत नसतील तर पोटावरची चरबी जास्त आहे असे समजावे. हा काही रोगनिदानाचा निकष नव्हे, पण डॉक्टरांकडे जायचे की नाही हे ठरवायला तेवढे पुरते.

डॉक्टरांकडे गेल्यावर रिपोर्ट वाचताना पालकांची फसगत होते, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते. यकृतासाठी केल्या जाणाऱ्या एसजीपीटी या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर प्रयोगशाळा 40 च्या आसपास किंवा त्याहूनही वरची मर्यादा छापते. उत्तर अमेरिकेतील बालपचनविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2017 साली दिलेल्या मार्गदर्शनात मात्र मुलांसाठी 26 आणि मुलींसाठी 22 ही वरची मर्यादा धरली आहे आणि लठ्ठ मुलांची ही तपासणी वयाच्या 9 ते 11 वर्षांच्या दरम्यान करावी असे म्हटले आहे. म्हणजे 38 आकडा आलेल्या मुलीच्या रिपोर्टवर कोणतीही खूण नसते, आणि तरीही तो आकडा मर्यादेच्या बराच वर असतो. सोनोग्राफीचेही तसेच आहे. चरबी बरीच साठल्याशिवाय ती सोनोग्राफीत नीट दिसत नाही, त्यामुळे सोनोग्राफी चांगली आली म्हणून आजार नाहीच असे ठरत नाही. आणि ग्रेड वन, टू यांवरून यकृतात तंतू झाले आहेत की नाही हेही कळत नाही. शिवाय एसजीपीटी वाढलेल्या प्रत्येक मुलाला चरबीचाच आजार असतो असे नाही. कावीळ बी आणि सी, शरीरात तांबे साठण्याचा विल्सनचा आजार, काही औषधे ही कारणे डॉक्टरांनी वगळावी लागतात. एक बारीकशी सूचनाही करून ठेवते: 2023 पासून या आजाराचे वैद्यकीय नाव बदलले असून पूर्वीच्या ‘एनएएफएलडी’ऐवजी ‘एमएएसएलडी’ असे लिहिलेले दिसले तर नवा आजार निघाला म्हणून घाबरू नये.

उपचाराकडे वळताना सर्वांत आशेची गोष्ट आधी सांगायला हवी. मोठ्या माणसाला वजन उतरवावे लागते. उंची वाढत असलेल्या मुलाला पुष्कळदा वजन आहे तिथे रोखून धरले तरी पुरते, कारण उंची वाढते तसा बीएमआय आपोआप खाली येतो. वाढीची ही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. मुलांसाठी या आजारावर मंजूर झालेले औषध आज नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध आणि ई जीवनसत्त्व यांची मुलांवर दोन वर्षे पद्धतशीर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2011 साली आले, आणि एसजीपीटी टिकाऊपणे खाली आणण्यात दोन्हींपैकी काहीही औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दुकानातली लिव्हर टॉनिके आणि कोणी सुचवलेले काढे तर मुलांना देऊच नयेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 साली नोंदवले आहेत.

जे उपयोगी पडते ते मात्र चाचणीतून सिद्ध झालेले आहे. अमेरिकेत 11 ते 16 वर्षांच्या, यकृतात चरबी असलेल्या 40 मुलांवर एक प्रयोग झाला आणि तो 2019 साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या आहारातील वरची साखर आठ आठवडे जवळजवळ बंद केली, म्हणजे एकूण उष्मांकाच्या 3 टक्क्यांच्या खाली आणली. उरलेल्या मुलांचे खाणे नेहमीसारखेच ठेवले. पहिल्या गटातील मुलांच्या यकृतातील चरबी 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली. दुसऱ्या गटात ती 21 वरून 20 एवढीच हलली. मला यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो असा की संशोधकांनी मुलाला वेगळे ताट वाढायला सांगितले नाही, तर साऱ्या घराच्या खाण्यातून साखर काढली आणि तसे अन्न घरी पुरवले. भावाच्या हातात कोल्ड्रिंक आणि ह्याच्यापुढे काकडी, असे केल्याने कोणतेही मूल सुधारत नाही. ते चोरून खायला शिकते.

बाटलीतल्या पेयात 100 मिलिलिटरला साधारण 10-11 ग्रॅम साखर असते, हे मी नववीच्या वर्गात मुलांनाच लेबलवरून वाचायला लावते. 250 मिलिलिटरची बाटली म्हणजे 25 ग्रॅमहून जास्त, चहाचे पाच चमचे भरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरची साखर एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत आणि शक्यतो 5 टक्क्यांच्या आत असावी. 2000 उष्मांक धरले तर हे पाच टक्के म्हणजे 25 ग्रॅमच होतात. दिवसभराची साखर एका बाटलीत संपते. आणि आपल्या घरगुती वस्तूंनाही यातून सूट नाही. अमृत कोकम हे साखरेच्या पाकातच मुरवलेले असते, आंब्याच्या डबाबंद रसात आणि आंबापोळीत बहुधा साखर घातलेली असते. कोकमाचे आगळ मात्र बिनसाखरेचे असते, त्याची सोलकढी किंवा जिरे-मीठ घातलेले पाणी मुलांना खुशाल द्यावे. हापूसबद्दल मला दर वैशाखात विचारले जाते. आंबा कापून, जेवणाच्या वेळी, एखादा खावा. वाट्या-वाट्या आमरस त्यात आणखी साखर घालून पिऊ नये.

भात बंद करा असे मी सांगत नाही. भाताचा ढीग लहान करावा, कुळीथ, मूग, चवळी, अंडे किंवा तव्यावरचा मासा यांचा वाटा वाढवावा, चहाबरोबरची खारी बंद करून सकाळी नाचणीची भाकरी किंवा घावणे द्यावेत, आणि आठवड्यातले बेकरीचे पुडे घरात आणूच नयेत. रोज किमान तासभर दम लागेल असे हालचालीचे काम किंवा खेळ आणि आठ तासांची झोप या वयाला लागते. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवला तर झोपेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर फार कमी बोलले जाते. आमच्याकडे सातवीपर्यंत लंगडी, खो-खो खेळणाऱ्या मुली पाळी सुरू झाल्यावर मैदानावरून नाहीशा होतात. कोणी बंदी घालते असे नाही. कपडे, टिंगल, घरकाम, शाळेत धड स्वच्छतागृह नसणे, अशी कारणे एकावर एक साचत जातात. याच वयात पाळी अनियमित होणे, चेहऱ्यावर लव वाढणे आणि वजन वाढणे हे एकत्र दिसले तर पीसीओएस (मुलींमधील संप्रेरकांचा एक बिघाड) आणि फॅटी लिव्हर हे दोन्ही बरोबर असण्याची शक्यता वाढते, कारण इन्सुलिनचा मंदावलेला परिणाम दोन्हींच्या मुळाशी असतो. शाळांनी मुलींसाठी खेळाची तासिका राखून ठेवावी आणि ती गणिताच्या जादा तासाला देऊ नये, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. फाटकासमोरच्या टपरीवाल्याशी भांडून काही निष्पन्न होत नाही, त्याचेही पोट त्यावर आहे; शेंगदाणे, उकडलेले चणे, केळी, काकडी ठेवशील तर आम्ही शिक्षकही तुझ्याकडूनच घेऊ, असे व्यवस्थापन समितीने त्याच्याशी बोलावे. फॅटी लिव्हरचा समावेश केंद्राने 2021 साली असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, ही चांगली गोष्ट आहे, पण त्या कार्यक्रमाची तपासणी प्रामुख्याने तिशीनंतरच्या लोकांची होते. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासणारी पथके 2013 पासून शाळांत येत आहेत. त्यांच्या तपासणीत कमरेचा घेर आणि मानेवरचा पट्टा या दोन नोंदी घेतल्या तर फारसा खर्च न वाढता कितीतरी मुले लवकर सापडतील.

आणि दहावी-बारावीनंतर आमची मुले घर सोडतात. कोणी मुंबईला मामाकडे, कोणी गोव्यात हॉटेलच्या कामाला, कोणी आयटीआयला जाते. खाणे वडापाव आणि चायनीजच्या गाडीवर येते, आणि मित्रांबरोबर बियरही सुरू होते. चरबी साठलेल्या यकृतावर दारूचा भार पडला तर नुकसान झपाट्याने होते, म्हणून ज्या मुलाला शाळेत असताना हा आजार निघाला आहे, त्याला ‘तुझ्यासाठी थोडीसुद्धा नको’ हे निघण्यापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. कावीळ ए आणि बीच्या लसी राहिल्या असतील तर देऊन घेतल्या पाहिजेत. आणि जुन्या रिपोर्टांची फाइल त्याच्या बॅगेत घातली पाहिजे, म्हणजे तिथला डॉक्टर वर्षातून एकदा एसजीपीटी, साखर आणि ट्रायग्लिसराइड तपासताना आधीच्या आकड्यांशी ताडून पाहू शकेल.